छापील आकडा आणि त्यापलीकडची जागा

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या प्रोसेसरचा इतिहास सांगावा, हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. आमचा या विषयाशी संबंध हौसेने आलेला नाही. तो नुकसानीतून आला. २००३ च्या उन्हाळ्यात राहात्यातील एका डीटीपी केंद्रात आमच्या लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण नाहीसे झाले. त्या वेळी आम्ही घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे जितके तास वर्गात उभे राहू, तितक्यांचेच मानधन. परिसरातील स्त्रियांच्या ओव्यांवरचे ते प्रकरण केंद्र चालवणाऱ्या दादांनी दोन महिने फावल्या वेळात टंकले होते. पहिली दोन प्रकरणे फ्लॉपीवर उतरवून घेतली होती, तिसरे राहून गेले होते. आदल्या रात्री फाइल उघडत होती, सकाळी उघडेना. वीज गेली नव्हती, व्हायरसही नव्हता. बराच वेळ गप्प बसल्यावर दादा म्हणाले, "सर, चूक माझी आहे. मशीन पाचशेवर नेलं होतं."

हे वाक्य नीट समजायला आम्हाला काही वर्षे लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे वाचकांनी समजावे. प्रोसेसरवर छापलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने त्याला चालवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वरवर पाहता ही तंत्रवेड्यांची करमणूक. पण छापील आकड्याचा अर्थ काय, तो कोण ठरवतो, आणि त्याच्या पलीकडे जी थोडी मोकळी जागा उरते ती कोणाच्या मालकीची, हे प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उभे राहतात. आकडे छापणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे, अशा आम्हा शिक्षकांना ते परके वाटू नयेत.

प्रथम थोडे यंत्राविषयी. प्रोसेसरचे काम ठोक्यांवर चालते. मदरबोर्डवरील क्वार्ट्झचा स्फटिक विजेच्या प्रभावाने ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्यापासून ठोके मिळतात. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. प्रत्येक ठोक्यावर लक्षावधी सूक्ष्म खटके आपली स्थिती बदलतात आणि पुढच्या ठोक्याच्या आत त्यांना स्थिर व्हावे लागते. तबल्याची संगत ऐकणाऱ्यांना पुढची गोष्ट सहज उमजेल. मदरबोर्डची एक मूळ लय असते आणि प्रोसेसर त्या लयीच्या दुगुनीत, चौगुनीत किंवा साडेचार पटीत चालतो. ठेक्याची लय तीच ठेवून तबलजी चौगुनीत तुकडा वाजवतो, तसाच हा प्रकार. साहजिकच वेग वाढवण्याचे मार्गही दोनच : मूळ लय चढवायची किंवा पट वाढवायचा.

ही दोन्ही कामे पुढे बायोसमधून होऊ लागली. बायोस म्हणजे मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम वस्तीला असलेली छोटी आज्ञावली. संगणक सुरू होताच, विंडोज जागे होण्याआधी, तीच प्रथम चालते. त्या क्षणी डिलीटची कळ दाबली की एक रुक्ष पडदा उघडतो. त्या काळी तिथे माउस चालत नसे. बाणांच्या कळांनी ओळीओळीतून खाली उतरायचे, लय बदलायची, पट बदलायचा, व्होल्टेज किंचित वाढवायचे आणि बाहेर पडायचे. हाव जास्त झाली तर पडदा काळाच राहतो. मग झाकण उघडून मदरबोर्डवरचा गोल सेल काही वेळ काढून ठेवायचा. सेल काढला की यंत्र आपल्या साऱ्या नव्या खोडी विसरते आणि कारखान्यातून आल्या अवस्थेला परत जाते.

व्होल्टेज का वाढवायचे? दाब वाढला की खटके लवकर बदलतात, पुढचा ठोका पडण्याआधी स्थिर होतात. पण याची किंमत उष्णतेने मोजावी लागते. उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. ठोके दीडपट केले तर उष्णता दीडपट होईल. त्यासोबत व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढवले तर त्यात आणखी एकवीस टक्क्यांची भर पडेल.

या खटपटीचा इतिहास वैयक्तिक संगणकाइतकाच जुना आहे. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यातला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी प्रमाणित होता. पण पीसी चाले ४.७७ ने. हा विचित्र आकडा आला कुठून? मदरबोर्डवर १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला होता. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेतासाठी त्या वारंवारितेचा उपयोग होई आणि असे स्फटिक स्वस्तात मिळत. त्याला तिनाने भागले की ४.७७ येतात. म्हणजे जगभर प्रमाण ठरलेला तो वेग प्रोसेसरच्या कुवतीतून निघालेला नव्हता. तो टीव्हीच्या सोयीतून आणि काटकसरीतून निघालेला होता. छापील आकड्याकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी बाजारात आणला. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ, स्फटिक १२ चा. हा स्फटिक खोबणीत बसवलेला होता, डाग देऊन पक्का केलेला नव्हता. तो उपटून १६ चा बसवला की यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावते, हे ग्राहकांच्या लवकरच ध्यानात आले. काही डॉलरांच्या स्फटिकात एक तृतीयांश वेग अधिक मिळू लागला. कंपनीने यावर उपाय केला तो बायोसमध्येच : नंतरच्या एटींतील बायोस सुरुवातीलाच वेग तपासू लागला आणि तो ठरल्याहून अधिक आढळला तर यंत्र पुढे सरकू देईना. वेगाच्या तपासनिसाला बायोसमध्ये बसवण्याचे हे आरंभीचे उदाहरण. पुढे तोच बायोस वेगाचा हस्तक बनला, यात इतिहासाची गंमत आहे.

याच काळात आयबीएमच्या धर्तीवर इतरांनी बनवलेल्या संगणकांवर 'टर्बो' नावाचे बटण दिसू लागले. आमच्या पिढीतील अनेकांनी ते दाबून पाहिले असेल. नावावरून वेग वाढवणारे वाटणारे हे बटण प्रत्यक्षात वेग कमी करण्यासाठी होते. जुने खेळ प्रोसेसरच्या ठोक्यांवरच आपला काळ मोजत, ४.७७ गृहीत धरून लिहिलेला खेळ ८ किंवा १० मेगाहर्ट्झवर इतका पळे की तो खेळता येत नसे. तेव्हा बटण सोडून यंत्राला जुन्या लयीत आणायचे.

आता मूळ प्रश्न. प्रोसेसरवर जो आकडा छापतात, तो ठरतो कसा? आमच्या राहात्याच्या वाचकांना हे सांगायला पेरूची उपमा पुरेशी आहे. एकाच बागेतले, एकाच तोडीचे पेरू बाजारात जाण्यापूर्वी प्रतवारीसाठी पसरतात. आकार, रंग, डाग पाहून त्यांची पहिली, दुसरी, तिसरी प्रत लागते. प्रोसेसरही असेच एका बागेतले असतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिपा कोरल्या जातात आणि सूक्ष्म फरकांमुळे त्या सगळ्या सारख्या निपजत नाहीत. कापल्यावर प्रत्येकीची चाचणी होते. प्रतिकूल तापमानात, व्होल्टेजच्या चढउतारात, वर्षानुवर्षे जो वेग निर्धोक राहील असा विश्वास वाटतो, तो तिच्यावर छापला जातो. आकडा म्हणजे मर्यादा नव्हे. ती हमी असते. हमी आणि मर्यादा यांच्यामध्ये थोडी जागा जाणीवपूर्वक राखलेली असते.

पण प्रतवारीत दुसरेही एक तत्त्व काम करते. समजा, यंदा बाग चांगली आली, बहुतेक फळ पहिल्या प्रतीचे निघाले, आणि गिऱ्हाईक मात्र स्वस्त पेटीच मागते आहे. मग पहिल्या प्रतीचे फळ दुसऱ्या प्रतीच्या पेटीत भरले जाते. कारखान्याची प्रक्रिया मुरली की प्रोसेसरांचेही हेच होते. ४५० ची कुवत असलेल्या चिपेवर ३०० छापले जाते, कारण ३०० च्या किमतीला ग्राहक अधिक आहेत. हा आकडा चिपेबद्दल फारसे सांगत नाही; तो बाजाराबद्दल सांगतो.

ही मोकळी जागा आहे, हे कळल्यावर ती बळकावणारे अनेक निघाले. १९९० च्या दशकात अनेक देशांच्या बाजारांत प्रोसेसरवरचा मूळ आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापण्याचा धंदा चाले. गिऱ्हाईक वरच्या प्रतीचे पैसे मोजी आणि त्याला नकळत ओव्हरक्लॉक केलेली चिप मिळे. या फसवणुकीला आळा घालणे हे एक कारण पुढे करून इंटेलने त्या दशकाच्या उत्तरार्धात पट बांधून टाकायला सुरुवात केली. साडेचारचा पट असेल तर साडेचारच. बायोसमध्ये काहीही लिहा. फसवणारा व्यापारी आणि स्वतःच्या जोखमीवर आपल्याच यंत्राला पळवणारा ग्राहक, या दोघांवर एकच कुलूप पडले. मात्र मूळ लय मदरबोर्डच्या हाती होती, ती अजून मोकळी होती.

याच फटीतून १९९८ चे ते प्रसिद्ध प्रकरण घडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. स्वस्त करण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे हाताशी ठेवायची जलद स्मृती, काढूनच टाकली होती. साहजिकच तो मंद निघाला आणि टीकेचा धनी झाला. चूक सुधारण्यासाठी २४ ऑगस्ट १९९८ रोजी सेलेरॉन ३००ए आला. यात १२८ किलोबाइटची कॅश थेट प्रोसेसरच्याच तुकड्यावर कोरलेली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. त्याच दिवशी इंटेलने आपला प्रतिष्ठित पेंटियम-२ हा ४५० मेगाहर्ट्झच्या रूपात सादर केला. त्याची कॅश आकाराने चौपट होती, पण स्वतंत्र चिपांवर असल्यामुळे निम्म्या वेगाने चाले. एकाची किंमत १४९ डॉलर, दुसऱ्याची ६६९.

आता गणित पाहा. ३००ए चा पट साडेचार, लय ६६ ची; साडेचार गुणिले ६६ म्हणजे ३००. पण त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचे मदरबोर्ड १०० ची लय अधिकृतपणे देत होते. लय १०० केली की साडेचारपटीने ४५० होतात. बायोसमध्ये एक ओळ बदलली की १४९ डॉलरांचा प्रोसेसर ६६९ डॉलरांच्या प्रोसेसरला अनेक कामांत बरोबरीने टक्कर देई. अपवाद वगळता चिपा हे सहज सोसत. तैवानच्या एबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डात लय, पट आणि व्होल्टेज बायोसमधूनच बदलता येत. त्याआधी यासाठी मदरबोर्डवरचे बारीक जंपर चिमट्याने हलवावे लागत. ज्यांच्या मदरबोर्डात ही सोय नव्हती, त्यांनी निराळी युक्ती काढली. प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ हा संपर्कबिंदू मदरबोर्डला "मी ६६ चा आहे" असे सांगे. त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला किंवा नखांना लावायचे पॉलिश फासले की तो मुका होई आणि मदरबोर्ड त्याला १०० चा समजे. जून २००० मध्ये आलेल्या एएमडीच्या थंडरबर्ड आणि ड्युरॉन प्रोसेसरांनी तर शिसपेन्सिलीला प्रतिष्ठा दिली. पट बांधण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावरील एल-१ नावाचे काही सूक्ष्म सांधे तोडलेले असत. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट वीजवाहक. टोकदार पेन्सिलीने ते सांधे जोडले की पट मोकळा होई. कुलूप उघडायला शाळकरी पेन्सिल पुरावी, हे आम्हा लेखणीवाल्यांना मनोमन सुखावणारे आहे.

भारतातील या काळाचे चित्र थोडे वेगळे होते. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९७ मध्ये मान्य केला; त्याची पूर्तता २००५ पर्यंत चालली. तोवर तयार ब्रँडेड संगणक ही कचेऱ्यांची चैन होती. गावोगावचे संगणक असेंबल केलेले असत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि जोडायचे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी संगणक तालुक्यातालुक्यांत पोहोचवला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीने देवनागरी अक्षरजुळणी टेबलावर आणून ठेवली होती. जे यंत्र परदेशी तरुणाच्या हातात खेळासाठी धावत होते, ते आमच्याकडे लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि शाळांच्या स्मरणिका यांच्यासाठी धावू लागले. वेग ही इथे चैन नव्हती. एखादे रंगीत छायाचित्र पडद्यावर उमटेपर्यंत गिऱ्हाईक बाकावर बसून राही आणि तेवढ्यात वीज जाई.

दादांचा संगणक याच जातकुळीचा. १९९९ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेलेरॉन ३००ए, ४४०बीएक्सचा मदरबोर्ड, एका बाजूने कायमचे उघडे कॅबिनेट आणि त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला टेबलफॅन. इंटेलने नोव्हेंबर २००२ मध्येच ३ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला होता; पण नवे यंत्र घेणे दादांच्या आवाक्यात नव्हते. त्यांनी अनुभवातून एक ऋतुचर्या बसवली होती : हिवाळ्यात शंभर, उन्हाळ्यात सहासष्ट. राहात्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. डिसेंबरात निमूटपणे ४५० ने चालणारे यंत्र तेव्हा दुपारी जागच्या जागी गोठे. म्हणून होळीनंतर बायोसमध्ये जायचे आणि लय उतरवायची. अडचण इतकीच की लग्नसराईही त्याच महिन्यांत येते. काम दुप्पट आणि यंत्र सर्वांत मंद, असे ते दिवस.

त्या वर्षी मे महिन्यात कामे फार साचली. दिवसा शक्य नाही, तर रात्री यंत्र पळवावे, असे दादांनी ठरवले. रात्री तेवढाच गारवा. शंभरावर ते पूर्वी चाललेच होते. एका परिचिताने सांगितले होते की लय ११२ केली आणि व्होल्टेज २.० चे २.२ केले तर यंत्र पाचशेवर जाते. साडेचार गुणिले ११२ म्हणजे ५०४. यंत्र सुरू झाले. गोठले नाही, तक्रार केली नाही. दादांनी पत्रिका पूर्ण केल्या, मग आमच्या प्रकरणातील चार पानांच्या दुरुस्त्या करून रात्री दोन वाजता फाइल साठवली.

हिशेब मांडला तर असा दिसतो. छापील ३०० च्या तुलनेत ठोके १.६८ पट झाले, व्होल्टेजमुळे १.२१ पट, म्हणजे प्रोसेसर मूळच्या दुप्पट उष्णता सोशीत होता. तो ती सोसू शकला. घात झाला दुसरीकडे. मदरबोर्डची मूळ लय चढवली की ती एकट्या प्रोसेसरसाठी चढत नाही; हार्ड डिस्कशी बोलणारी पीसीआय नावाची वाटही त्याच लयीतून निघते. तिची ठरलेली गती ३३ मेगाहर्ट्झ. लय ६६ असेल तर दोनाने भागून ३३, लय १०० असेल तर तिनाने भागून ३३. दोन्ही ठिकाणी हिशेब जुळतो. ११२ ला तिनाने भागले की ३७ हून अधिक येतात. प्रोसेसर तयारीचा होता, पण साथीदार तेवढ्या लयीचा नव्हता. डिस्कवर अक्षरे उमटत होती, पण काही ठिकाणी चुकीची उमटत होती, आणि याची वार्ता कोणालाच नव्हती. या साऱ्यातून मिळालेला लाभ किती? शंभराच्या लयीवर दहा तासांचे जे काम, त्यात फार तर एक तास वाचला असता.

ओव्हरक्लॉकिंगच्या गौरवकथांत ही बाजू क्वचित येते. यंत्र बंद पडले तर ते बरेच. बंद पडणे हे यंत्राचे प्रांजळ बोलणे असते. खरा धोका न थांबता चुकत राहण्यात आहे. पाठ्यचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. लेखनिक थकून झोपला तर पोथी अपुरी राहते आणि अपुरेपण दिसते. तो पेंगत लिहीत राहिला तर पोथी पूर्ण होते आणि तिच्यातला अपपाठ पुढे शतकानुशतके नकलला जातो.

दादांच्या मशीनवर हे घडत असताना मोठ्या जगातही वेगाची कमान संपत आली होती. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतसे व्होल्टेजही उतरवता येते. त्यामुळे उष्णता न वाढता वेग वाढवता येतो. तीन दशके हे चालले. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. पुढेमागे १० गिगाहर्ट्झची भाषा करणाऱ्या इंटेलने मे २००४ मध्ये पेंटियम-४ चा नियोजित वारसदार टेजास रद्द केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चाही बेत सोडला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका जाहीर परिषदेत विनोदाने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. २००५ पासून एका प्रोसेसरात दोन, मग चार गाभे येऊ लागले. हात चपळ करता येत नसतील तर हातांची संख्या वाढवायची, हा तो विचार. मराठी वाचकांना तो अपरिचित नसावा. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये घडवलेला परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता : एक अतिवेगवान प्रोसेसर मिळत नाही, तर ट्रान्सप्युटर नावाचे अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे.

वेग फुकट मिळेनासा झाल्यावर कंपन्यांचे लक्ष त्या राखीव जागेकडे वळले. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कोअर आय-७ मध्ये इंटेलने 'टर्बो बूस्ट' दिला. तापमान आणि वीज यांची मुभा आहे असे दिसले की प्रोसेसर स्वतःच छापील वेगाच्या वर जातो. गिऱ्हाइकाने पळवण्यापूर्वी कंपनीनेच त्याला पळवायला सुरुवात केली. जानेवारी २०११ मधील सँडी ब्रिज पिढीत दुसरे दार बंद झाले. तिच्यात प्रोसेसर, डिस्क, यूएसबी या सर्वांची लय एकाच ठिकाणाहून येऊ लागली. मूळ लय काही टक्क्यांपलीकडे नेली की बाकीचे सारे कोलमडे. राहात्याच्या टेबलावर ज्या कारणाने घात झाला, तेच कारण आता कुलूप म्हणून कामी आले. पट मोकळा हवा असेल तर नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर असलेला प्रोसेसर अधिक पैसे देऊन घ्यायचा. एएमडीने २०१७ पासूनच्या रायझेन मालिकेत बहुतेक प्रोसेसरांचा पट खुला ठेवला, हे नोंदवले पाहिजे. पण स्वस्त चिपेतून महागड्या चिपेचे काम काढणारी वाट इंटेलच्या बाजूने जवळजवळ बुजली. एबिटने तर २००८ च्या अखेरीस कामच थांबवले. ओव्हरक्लॉकिंगचा एक ओघ स्पर्धेकडे वळला. द्रवरूप हेलियमने प्रोसेसर गोठवून २०२२ च्या अखेरीस ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला. काही क्षणांचा तो विक्रम, लग्नपत्रिकेच्या उपयोगाचा नव्हे.

या कथेचे अगदी अलीकडचे पर्व २०२४ चे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वर्ष-दोन वर्षांत कारण नसताना चुकू लागले. शेवटी कंपनीने जुलैमध्ये मान्य केले की प्रोसेसरमधील आज्ञावली गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होती. ऑगस्टमध्ये उपाय आला, तोही बायोसच्या नव्या आवृत्तीच्या रूपाने. आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. या ग्राहकांपैकी अनेकांनी बायोसचा पडदा कधी उघडलाही नसेल. हमी आणि मर्यादा यांच्यामधली जागा आता दुसऱ्याच कोणी व्यापली होती. एटीच्या काळात कंपनी ग्राहकाला अडवत होती. इथे ग्राहकाला न विचारता जागा खर्चून झाली.

या सगळ्याचा आमच्या व्यवसायाशी काय संबंध, असे कोणी विचारील. दरवर्षी आम्ही गुणपत्रिकांवर आकडे छापतो. त्यातले काही विद्यार्थ्याची कुवत सांगतात; काही मात्र आमच्या प्रश्नपत्रिकेची सोय सांगतात, टीव्हीच्या स्फटिकातून आलेल्या त्या ४.७७ सारखी. ३०० छापलेल्यांपैकी ४५० चे कोण, हे ओळखण्याची आमच्याकडे चाचणी नाही, आणि लय चढवताना साथीदार त्या लयीला पुरेल का, हेही आम्ही फारसे पाहत नाही. ही तुलना फार ताणू नये, हे आम्हालाही कळते. चिपेला पुन्हा ६६ वर आणता येते, माणसाला नाही.

राहिली ती दादांची गोष्ट. त्यांनी आमच्याकडून ओव्यांची वही पुन्हा मागून घेतली. सहासष्टच्या लयीवर, पहाटेच्या वेळी, बारा दिवसांत त्यांनी सबंध प्रकरण नव्याने टंकले. त्याचे पैसे घेतले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून एका ओळीवर बोट ठेवले. आम्ही वहीत 'मागणी' असा शब्द लिहून घेतला होता आणि त्यावर अर्धे पान विवेचनही केले होते. दादांच्या आईंनी ती ओवी ऐकून सांगितले, तो शब्द 'माकणी' आहे. जात्याच्या वरच्या दगडात बसवतात तो लाकडी तुकडा. पहिल्या वेळी तो शब्द आमच्या नजरेतून सुटला, दादांच्या सुटला आणि यंत्राच्याही. ते अर्धे पान आम्ही काढून टाकले. लघुप्रबंधात तो शब्द आता 'माकणी' असाच आहे.